दुधाचा पगार कधी, उचल कधी? गावातल्या विक्रीबद्दलचे गैरसमज

शेवया-पापड करणारा बचत गट असो, लाकडी घाण्याचं तेल काढणारा तरुण असो की मसाला कांडप चालवणारी बाई, यांना सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. चकचकीत पाकीट करा, फेसबुकवर टाका, भाव पाडा. हे सल्ले शहरातल्या दुकानाला बेतलेले असतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या गावात ते जसेच्या तसे लावले की चांगला माल घरात पडून राहतो आणि करणाऱ्यांचा धीर सुटतो. म्हणून आधी समजुती तपासायला हव्यात.

‘खेड्यात पैसाच नसतो’ ही सर्वांत जास्त नुकसान करणारी समजूत. पैसा असतो, पण तो नोकरदाराच्या पगारासारखा एक तारखेला येत नाही. आपला जिल्हा क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा, तालुके १४, आणि पैशाची वेळ तालुक्यागणिक वेगळी. संगमनेर, राहाता, कोपरगाव भागात डेअरीला दूध घालणाऱ्या घरात साधारण दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. रक्कम छोटी, पण नेमाची. किराणा, मसाला, तेल यांची खरेदी त्यावर चालते. तिथे पाव किलोचं पाकीट चालतं आणि ते पगाराच्या दिवशी संकलन केंद्राजवळच्या दुकानात असावं लागतं. उसाचं बिल किंवा कांद्याची पट्टी हा वेगळा पैसा आहे. तो बहुधा लग्न, कर्जफेड, घराचं काम यांत जातो.

पाथर्डी, शेवगाव, जामखेडच्या अनेक गावांत चित्र उलटं दिसतं. तिथली ऊसतोड कुटुंबं निघण्याआधी मुकादमाकडून उचल घेतात, दिवाळीच्या सुमारास कारखान्यांवर जातात आणि गाळप हंगाम संपला की उन्हाळ्यात परततात. दसरा-दिवाळीला या गावांत खरेदी होते आणि ऐन थंडीत कित्येक घरांना कुलूप असतं. डिसेंबरमध्ये तिथे विक्री पडली म्हणून मसाल्याची चव बदलायला निघालेल्या गटाला माझं सांगणं एवढंच, की गिऱ्हाईक गावात नाही, ते उसाच्या फडात आहे. मार्च ते मे हा वाळवणाचा आणि लगीनसराईचा काळ. रुखवताच्या कुरडया-पापडांची मागणी तेव्हाच येते, म्हणजे ऑर्डर फेब्रुवारीतच धरायला हव्यात.

‘गावात सगळे ओळखतात, जाहिरात कशाला?’ असंही म्हणतात. लोक आपल्याला ओळखतात हे खरं, पण आपण काय विकतो, ते आपल्याकडे कधी मिळतं आणि कितीला, हे त्यांना ठाऊक असेलच असं नाही. आणि गावात सांगण्याचं काम फलकापेक्षा माणूस चांगलं करतो. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा गावागावांत आरोग्याची माहिती पोहोचवली ती त्याच गावातल्या, प्रशिक्षण घेतलेल्या बायकांनी. बाहेरच्या डॉक्टरचं जे ऐकलं गेलं नसतं, ते शेजारणीचं ऐकलं गेलं.

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांचंही तसंच. देशी वाणांचं बियाणं त्यांनी आधी स्वतःच्या परसबागेत लावून जपलं. येणाऱ्याला वेल दिसत होता, शेंग हातात घेता येत होती. पुढे ‘बायफ’ संस्थेची साथ मिळाली, बियाणे बँक उभी राहिली, बायांचे गट जोडले गेले आणि २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. मान नंतर आला, डोळ्यांनी पाहून पटलेली खात्री आधी. मसाला विकणाऱ्या गटाने गावच्या सप्ताहाच्या पंगतीतल्या आमटीत तो वापरायला दिला, तर हजार पत्रकांनी होणार नाही एवढं काम होईल.

‘स्वस्त दिलं की खपतं’ हेही अर्धवट खरं आहे. भावात मोठ्या कंपनीशी आपला निभाव लागत नाही, कारण ती कच्चा माल घाऊक घेते. बायका स्वतःची मजुरी धरत नाहीत, म्हणून भाव कमी दिसतो. तो नफा नव्हे, फुकटचे कष्ट आहेत. मजुरी धरूनच भाव ठरवावा. उधारीचंही तेच. उधारी थकलेला माणूस आपलं दार टाळू लागतो, मग पैसेही जातात आणि गिऱ्हाईकही.

‘लायसन आणि लेबल मोठ्यांसाठी, आम्ही घरगुती’ असं अगदी शिकलेली माणसंही सांगतात. अन्नसुरक्षा कायदा तसं म्हणत नाही. विकायचा खाद्यपदार्थ घरी केला तरी नोंदणी लागते. छोट्या व्यवसायाला पूर्ण परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. २०११च्या नियमांत तिचं वार्षिक शुल्क १०० रुपये ठेवलं होतं. बंद पाकिटावर करणाऱ्याचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किंमत, तयार केल्याची तारीख आणि तक्रारीसाठी संपर्क छापावा लागतो. यातला संपर्क क्रमांक मला फार मोलाचा वाटतो. शिर्डी किंवा शनिशिंगणापूरला आलेला भाविक घरी जाऊन चटणी खातो, त्याला आवडते, आणि पाकिटावर नंबर नसेल तर तो आपल्याला कायमचा दुरावतो.

मोबाइलबद्दल दोन टोकं ऐकू येतात. एक, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर फोटो टाकला की झालं. फोटोने चौकशी येते, पण दुसऱ्यांदा मागणी येते ती चवीने आणि वेळेवर पोहोचल्याने. दुसरं, ऑनलाइन विकायला जीएसटी नंबर लागतोच. पण १ ऑक्टोबर २०२३पासून उलाढालीच्या मर्यादेत असलेल्या छोट्या विक्रेत्याला जीएसटी नोंदणीशिवाय राज्यातल्या राज्यात ई-कॉमर्सवर माल विकता येतो. पॅन आणि पोर्टलवरून घेतलेला नावनोंदणी क्रमांक मात्र हवा.

राहता राहिली प्रदर्शनं. जिल्ह्यात बचत गटांचं ‘साईज्योती’, मुंबईत ‘महालक्ष्मी सरस’. तिथला गल्ला मोजून अनेक गट समाधानाने परततात. खरी कमाई वहीत असायला हवी: कोणत्या दुकानदाराने भाव विचारला, कोणी नंबर दिला, कोणत्या तिखटाला लोकांनी नाक मुरडलं. प्रदर्शन मोजक्या दिवसांचं, घोडेगाव, काष्टी, लोणीचे बाजार दर आठवड्याचे.

तेव्हा गटातल्या ताईंनो, या वर्षीचं वाळवण घालण्याआधी तीन गोष्टी करा. आपल्या गावात पैसा कोणत्या महिन्यात येतो ते लिहून काढा, नोंदणीचा अर्ज भरा, आणि पाकिटावर गावाचं नाव ठळक छापा.