संगणकावरील मराठी अक्षरांचा घोटाळा

दूरध्वनि-खात्यांत आयुष्य घालविलेले गृहस्थ निवृत्तीनंतर घरीं नवा संगणक मांडतात, दिवंगत पत्नीनें १९९८ सालीं टाईप केलेली पाककृतींची वही उघडतात, तों पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांच्या रांगा! सॉफ्टवेअर बसवावें, काढावें, पुन्हां बसवावें; संतापाखेरीज पदरीं कांहीं पडत नाहीं.

वास्तविक वही शाबूत असते. संगणक अक्षर ओळखीत नाहीं, अंक ओळखतो. त्या काळच्या कित्येक मराठी फॉन्टांनीं रोमन अक्षरांच्याच अंकांवर काना, वेलांटी, अर्धा 'त' असे तुकडे बसविले होते, आणि तेहि ज्यानें त्यानें आपल्या मर्जीनें! फॉन्ट गेला कीं मूळचीं रोमन अक्षरें उघडीं पडतात. १९९१ च्या युनिकोडनें देवनागरीस स्वतंत्र अंक दिले. 'क' चा २३२५. परंतु जुना मजकूर त्यामुळें आपोआप पालटत नाहीं. फाईलींत बहुधा नोंदलेलें फॉन्टचें नांव शोधून नेमका त्याचाच रूपांतरक मिळवावा लागतो. त्यांतहि पहिली वेलांटी छळते. जुन्या रीतींत ती व्यंजनाआधीं साठवीत, युनिकोडमध्यें नंतर. रूपांतरकानें ही अदलाबदल केली, तरच वहींतले चिरोटे 'चिरोटे' म्हणून वाचतां येतात.