घर बांधताना : जमीन, ठेकेदार आणि पावसाचे पाणी

अंबरनाथची आयुध निर्माणी, शहाडची रेयॉनची गिरणी, रेल्वेचे कारखाने, नगरपालिका आणि महापालिकांची खाती अशा ठिकाणी आपल्या समाजातील कितीतरी माणसांनी तीस-तीस वर्षे घाम गाळला. अशा कष्टकऱ्याच्या हाती मोठी रक्कम आयुष्यात एकदाच येते. ती म्हणजे निवृत्तीच्या वेळची प्रॉव्हिडंट फंडाची आणि ग्रॅच्युईटीची. चाळीच्या खोलीतून स्वतःच्या घरात जाण्याचे स्वप्न याच पैशावर उभे असते. हा पैसा चुकीच्या हातात गेला तर तो पुन्हा मिळवण्यासाठी दुसरे आयुष्य नसते. सबब घर बांधण्यापूर्वी हिशेबाची वही उघडली पाहिजे.

अलीकडे ‘पर्यावरणपूरक घर’ हा शब्द जाहिरातींतून फार ऐकू येतो. अनेकांना वाटते की हा श्रीमंतांचा शौक आहे. वस्तुस्थिती तशी नाही. कमी सिमेंट, कमी वीट, कमी वीजबिल आणि पावसाच्या पाण्याचा उपयोग म्हणजेच पर्यावरणपूरक घर. ते नीट आखले तर गरिबाच्याच जास्त उपयोगाचे आहे. मात्र त्याची सुरुवात छतावरच्या सौर पॅनेलपासून होत नाही. ती जमिनीच्या कागदापासून होते.

आधी जमीन तपासा

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही शेजारची गावे असली तरी तिथल्या जमिनीची तऱ्हा वेगवेगळी आहे. उल्हासनगर हे फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांसाठी लष्करी छावणीच्या जागेवर वसवलेले शहर. १९४९ मध्ये त्याला हे नाव मिळाले. तिथे जागेची सनद आहे का, हा पहिला प्रश्न. अंबरनाथ-बदलापूरकडे सातबारा उतारा, फेरफार, बिगरशेती आदेश आणि विकास आराखड्यातील झोन दाखला पाहावा. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग २’ असे लिहिले असेल तर थांबावे. महार वतनाच्या कित्येक जमिनी या वर्गात आहेत आणि त्यांचा व्यवहार सरकारी परवानगीशिवाय होत नाही. आपल्याच वाडवडिलांच्या वतनाची जमीन कवडीमोलाने घेऊन, तिचे गुंठे पाडून, ते आपल्याच माणसांना नोटरीच्या कागदावर विकणारे दलाल असतात. नोटरीचा कागद म्हणजे मालकी नव्हे. नोंदणी कार्यालयात नोंदलेले खरेदीखत म्हणजे मालकी.

दुसरी गोष्ट पूररेषेची. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान अडकली आणि सुमारे एक हजार प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. नदीकाठच्या जागेला निळी आणि लाल अशा दोन पूररेषा असतात. निळ्या रेषेच्या आतली जागा स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. निळ्या आणि लाल रेषेच्या मधल्या जागेवर अटी असतात, त्या नगरपरिषदेत लेखी विचाराव्यात. वालधुनीच्या काठालाही हेच लागू आहे. जे घर दर दहा वर्षांनी पाण्यात जाते, त्यावर कितीही झाडे लावली तरी ते पर्यावरणपूरक होत नाही.

स्वस्त स्लॅबची किंमत

उल्हासनगरात नव्वदच्या दशकात परवानगीशिवाय, निकृष्ट रेती वापरून, घाईघाईने इमारती उभ्या राहिल्या. पुढे त्यांचे स्लॅब कोसळू लागले. २०२१ च्या मे महिन्यात दोन आठवड्यांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब पडले आणि दहाहून अधिक माणसे दगावली. ती माणसे आपापल्या घरात होती. ज्याने इमारत बांधली तो तिथे राहत नव्हता.

यातून दोन धडे घ्यावेत. पहिला, खाडीची खारी रेती नीट धुतल्याशिवाय काँक्रीटमध्ये जाऊ देऊ नये, कारण मिठामुळे आतली सळई गंजते आणि फुगून काँक्रीट फोडते. धुतलेली कृत्रिम वाळू चालते, शिवाय नदीही वाचते. दुसरा, सळईचा आराखडा मिस्त्रीच्या अंदाजाने ठरू नये. स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असते. ती वाचवणे म्हणजे मुलाच्या औषधाचे पैसे वाचवण्यासारखे आहे.

ठेकेदार कसा निवडावा

ओळखीचा, नात्यातला, स्टेशनवर भेटणारा म्हणून ठेकेदार निवडू नये. निदान तिघांकडून लेखी दर मागवावेत, आणि तिघांनाही एकच नकाशा व एकच सामानाची यादी द्यावी. एकाचा दर मजुरीचा आणि दुसऱ्याचा मालासह, तर तुलना होणार कशी? त्यानंतर प्रत्येकाने तीन-चार वर्षांपूर्वी बांधलेले घर पाहायला जावे, तेही पावसाळ्यात. घरमालकिणीला विचारावे : गळते का? भिंतीला ओल येते का? काम अर्धवट टाकून माणूस गेला होता का? पुरुष दर सांगतील, पण गळती कुठे आहे ते घरात दिवसभर वावरणारी बाईच सांगेल.

करारात या गोष्टी लिहून घ्याव्यात : सिमेंटचा प्रकार, सळईची जाडी, विटेचा प्रकार, किती दिवस पाणी मारायचे, काम पुरे करण्याची तारीख आणि उशीर झाल्यास कपात. तोंडी बदल मानू नयेत. रोज एक मापवही भरावी. किती गोण्या आल्या, किती गेल्या, किती गवंडी आणि किती बिगारी होते, हे दहावी शिकलेली मुलगीही लिहू शकते.

पंधरा लाखांचा हिशेब

समजा, कुटुंबाची एकूण ताकद पंधरा लाखांची आहे आणि जागा स्वतःची एक गुंठा, म्हणजे १,०८९ चौरस फूट आहे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत, दर आपापल्या भागात विचारून घ्यावेत.

नकाशा, परवानगी, इंजिनिअर, वीजमीटर आणि नळजोडणी : १,००,०००.
बांधकामाच्या आठ महिन्यांचे घरभाडे, दरमहा ७,५०० प्रमाणे : ६०,०००.
पावसाच्या पाण्याची टाकी, पन्हळ, पाइप : ६०,०००.
अडचणीसाठी राखीव, दहा टक्के : १,५०,०००.

हे ३,७०,००० वजा केल्यावर बांधकामाला ११,३०,००० उरतात. दर चौरस फुटाला २,२०० रुपये धरला तर ५०० चौरस फुटांचे घर ११ लाखांत बसते. आपली माणसे बहुधा उलटे करतात. पंधरा लाखांचे घर ठरवतात आणि वरच्या खर्चासाठी सावकाराकडे जातात.

पैसे कामाच्या टप्प्याप्रमाणेच द्यावेत : सुरुवातीला १० टक्के, जोते झाल्यावर २०, भिंती व स्लॅब झाल्यावर ३०, गिलावा-पाइप-वायरिंगला २०, फरशी-दारे-रंगाला १५. उरलेले ५ टक्के, म्हणजे ५५,००० रुपये, घराने एक पावसाळा काढल्यावर द्यावेत. ही अट करारातच घालावी. पावसाळ्याइतका कडक तपासनीस दुसरा नाही.

खर्च वाचतो कुठे

लॉरी बेकर हे इंग्लंडमध्ये जन्मलेले वास्तुविशारद १९४५ मध्ये भारतात आले आणि पुढे केरळात त्यांनी सामान्यांसाठी असंख्य कमी खर्चाची घरे बांधली. त्यांनी रूढ केलेली ‘रॅट ट्रॅप’ पद्धत आपल्याकडेही होऊ शकते. यात विटा आडव्या न ठेवता कडेवर उभ्या लावतात, त्यामुळे भिंतीच्या आत पोकळी राहते. विटा सुमारे पाव हिश्शाने कमी लागतात आणि पोकळीमुळे उन्हाचा ताप आत कमी येतो. मात्र आपला पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. त्या बाजूला रुंद छज्जा आणि गिलावा हवाच. स्लॅबच्या खालच्या थरात जिथे काँक्रीटची गरज नसते तिथे जुनी मंगळुरी कौले घालण्याची पद्धतही आहे, पण ती इंजिनिअरच्या आराखड्यानेच करावी.

मातीच्या विटांऐवजी राखेच्या (फ्लाय ॲश) विटांचाही विचार करावा. भट्टीच्या विटेला सुपीक माती आणि जळण लागते. शिवाय ठाणे-रायगडच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे उचल घेऊन अख्खा हंगाम राबतात, हे विसरून चालणार नाही. ज्यांनी गुलामीची झळ सोसली, त्यांनी आपल्या भिंतीतली वीट कोणाच्या हातची आहे, हे एकदा विचारावे.

आता पाणी. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. ५०० चौरस फूट छत म्हणजे सुमारे ४६ चौरस मीटर. पावसाळ्यात अडीच हजार मिलिमीटर पाऊस धरला तर १,१५,००० लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला तरी ९२,००० लिटर उरते. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे गाळून पाच हजार लिटरच्या टाकीत घ्यावे आणि जादाचे शोषखड्ड्यात किंवा बोअरवेलजवळ मुरवावे. उन्हाळ्यात टँकरमागे धावणाऱ्या वस्तीला हे वेगळे सांगायला नको.

सौर पॅनेल लगेच घेता आले नाही तरी चालेल. त्यासाठीचा पाइप मात्र स्लॅब टाकतानाच काढून ठेवावा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन वा अधिक किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान ठरवले गेले. तसेच अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना आहे. पाया खोदण्यापूर्वीच नगरपरिषदेत किंवा महापालिकेत जाऊन तिच्या अटी विचाराव्यात.

फ्लॅट घेणाऱ्यांसाठी

प्रत्येकाकडे गुंठा नसतो. इमारतीत घर घेणाऱ्यांनी २०१६ चा स्थावर संपदा कायदा माहीत करून घ्यावा. नोंदणीकृत करारनामा झाल्याशिवाय बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती त्यानेच करायची. पण केवळ महारेराचा क्रमांक पाहून निर्धास्त होऊ नये. शेजारच्या कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी बनावट परवानग्या दाखवून असे क्रमांक मिळवल्याचे २०२२ मध्ये उघड झाले. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. सबब बांधकाम परवानगीचा क्रमांक घेऊन नगररचना विभागात स्वतः खात्री करावी.

घर कशासाठी

बाबासाहेबांनी दादरला राजगृह बांधले तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर दिवाणखान्याचा थाट नव्हता, ग्रंथांची जागा होती. आपणही नकाशा काढताना प्रथम हेच ठरवावे की मुलांच्या अभ्यासाचा कोपरा कुठे, तिथे दिवसा उजेड येतो का, आणि म्हाताऱ्या आईला रात्री संडासला जायला पायऱ्या किती. उतारा, करार आणि मापवही एका पिशवीत ठेवावी आणि ती पिशवी कुठे आहे हे घरातल्या बाईला ठाऊक असावे. जमल्यास घर तिच्याही नावावर करावे.

ज्यांना कागद वाचता येत नाहीत त्यांनी लाजू नये. वस्तीतल्या शिकलेल्या मुलांकडून ते वाचून घ्यावेत. आणि शिकलेल्यांनीही अशा एका तरी कुटुंबासोबत नगररचना विभागाच्या पायऱ्या चढाव्यात. एक दिवसाची रजा पडेल, पण एका घराची आयुष्यभराची कमाई वाचेल.