‘द इन्क्रेडिबल हल्क’ : व्यक्तिरेखा आणि मालिकेचा घाट

चित्रकथेतील अतिमानव दूरचित्रवाणीवर येतो तेव्हा बहुधा आपले पराक्रम घेऊन येतो. त्याचे मन मागेच राहते. ‘द इन्क्रेडिबल हल्क’ ही अमेरिकी मालिका याला ठळक अपवाद होय. नोव्हेंबर १९७७ मध्ये सी. बी. एस. वाहिनीवर दोन दीर्घ कथापटांनी तिचा प्रारंभ झाला आणि १९७८ ते १९८२ या काळात ती चालली. स्टॅन ली व जॅक कर्बी यांनी १९६२ मध्ये निर्मिलेल्या पात्राला दूरचित्रवाणीवर आणताना केनेथ जॉन्सन यांनी त्याच्या दुःखाचे मूळच बदलले.

चित्रकथेतील शास्त्रज्ञ बॅनर एका तरुणाला वाचविताना गॅमा बाँबच्या स्फोटात सापडतो; त्याची विपत्ती बाहेरून येते. मालिकेतील डेव्हिड बॅनरची पत्नी अपघातात सापडते आणि तिची मोटार त्याला उचलता येत नाही. संकटसमयी सामान्य माणसांच्या अंगी अचाट बळ संचारते, मग आपल्याच अंगी ते का संचारले नाही, या प्रश्नाने पछाडलेला हा विधुर स्वतःवर गॅमा किरणांचा प्रयोग करतो आणि किरणांची मात्रा ठरविल्यापेक्षा कितीतरी अधिक होते. त्याचे पहिले रूपांतर घडते ते भर पावसात मोटारीचे चाक बदलताना हाताला इजा झाल्यामुळे. निमित्त क्षुल्लक, परंतु मोटारीसमोरची तीच असहायता पुन्हा उभी राहिलेली असते. भरताने रौद्रापासून करुणाची उत्पत्ती सांगितली आहे. येथे क्रम उलटला असून शोकातून क्रोध उद्भवतो. बिल बिक्स्बी यांचा संयत, काहीसा थकलेला अभिनय हा शोक सतत जागता ठेवतो. लू फेरिग्नो यांचा हल्क बोलत नाही, ही निवडही उचितच म्हणावी लागेल.

पाठलागाची चौकट जॉन्सन यांनी व्हिक्टर ह्यूगो यांच्या ‘ले मिझेराब्ल’वरून घेतली. मात्र जावेरच्या जागी कायद्याचा सेवक नसून जॅक मॅगी हा वार्ताहर आहे. जावेरला स्वतःच्या निष्ठेचे ओझे असते. मॅगीला प्रारंभी केवळ मथळा हवा असतो. त्यामुळे संघर्षाची नैतिक खोली कमी होते, हे मान्य करावयास हवे.

परंतु मालिकेचे खरे वैगुण्य तिच्या घाटात आहे. दर आठवड्यास नवे गाव, नवी नोकरी, कोणा दुर्बळावर अन्याय, साधारणतः दोन रूपांतरे, आणि अखेरीस रस्त्याने एकटाच निघालेला बॅनर. जो हार्नेल यांची पियानोची धून हा निरोप हृद्य करते. पण पुढच्या आठवड्यास पाटी कोरीच असते. त्यातच रूपांतरित अवस्थेतले बॅनरला काही आठवत नाही. एक मुका, दुसरा विस्मृत. मग दोघांची गाठ पडावी कोठे? उत्तरदायित्वाचा प्रश्न उपस्थित होतो तो अनुत्तरित राहण्यासाठीच. क्रोधाविषयीच्या मालिकेत क्रोध करणारा स्वतःच्या क्रोधाचा साक्षी नसावा, ही उणीव लहान नव्हे.

१९७८ च्या ‘मॅरिड’ या दीर्घ भागात ती काही अंशी भरून निघते. असाध्य रोगाने ग्रासलेली मनोविकारतज्ज्ञ कॅरोलिन आणि बॅनर परस्परांवर उपचार करू पाहतात. संमोहनावस्थेत बॅनर वाळवंटात हल्कसमोर उभा राहून त्याला जखडण्याची धडपड करतो. दोघांची खरी भेट ती हीच. कॅरोलिनच्या भूमिकेसाठी मॅरिएट हार्टली यांना १९७९ चे एमी पारितोषिक लाभले. कॅरोलिन मरते, आणि पुढच्या भागापासून जुना क्रम पूर्ववत सुरू होतो. जणू हा विवाह घडलाच नव्हता.

नवल असे की, बदलतो तो मॅगी. १९७९ च्या ‘मिस्टरी मॅन’ या दोन भागांच्या कथेत हल्क हा मुळात माणूस आहे, हे त्याला कळते. त्यानंतरच्या त्याच्या शोधात जिज्ञासेबरोबर किंचित सहानुभूतीही मिसळते, आणि काही भागांत तोच अधिक जिवंत वाटतो. बॅनरची कथा मात्र १९८२ मध्ये निर्वहणाविनाच थांबली. पुढे १९९० च्या दूरचित्रवाणीपटात हल्कला मृत्यू देण्यात आला. तोही उंचावरून कोसळून, कोणत्याही आंतरिक निर्णयाविना.