साडेअकरा हजार फुटांवर ‘जयभीम’



सहल म्हटली की आपल्या वस्त्यांमधून गावे ठरलेली असतात. बोधगया, सांची, फार तर वेरूळ-अजिंठा. त्यामुळे बर्डीच्या आमच्या भिशीत जेव्हा एकाने “औंदा लेहला जाऊ” असे म्हटले तेव्हा हशाच पिकला. भिशीत कोण? कापडाच्या दुकानात थान उलगडणारे, हॉटेलात गल्ल्यावर बसणारे, एक रिक्षावाले, दोन अंगणवाडी सेविका आणि आमच्यासारखे एक-दोन कारकून. पण हशा पिकला तरी विषय मागे पडला नाही. महिना सातशे रुपये, तीन वर्षे. हिशेबाची वही आमच्याकडे होती, म्हणून सांगतो, एकानेही हप्ता बुडवला नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर, वर्षावासाच्या दिवसांत, आम्ही चौदा जण निघालो.

विमानाने एकदम लेहला उतरायचे आम्ही टाळले. एक तर पैसा, दुसरे म्हणजे हवा. आपले नागपूर समुद्रसपाटीपासून जेमतेम हजार फूट, लेह साडेअकरा हजार. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू आपल्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांश. रस्त्याने चढत गेले तर शरीराला सवय होते. म्हणून जम्मूपर्यंत रेल्वे, पुढे श्रीनगर, जोजिला घाट, द्रास आणि कारगिलला मुक्काम. कारगिलपुढे मुलबेख येथे रस्त्याला लागूनच उभ्या कड्यात कोरलेला मैत्रेय दिसतो, सुमारे नऊ मीटर उंचीचा. गाडी थांबायच्या आत आमच्या मावशी खाली उतरल्या होत्या. शेकडो वर्षांपूर्वी या निर्जन वाटेने जाणाऱ्या व्यापाऱ्यांना तो दिसत असेल, तसाच आम्हाला दिसला. एवढा वेळ डोंगर पाहून पाहून कंटाळलेली पोरेही गप्प झाली.

लेहला पोहोचल्यावर दोन दिवस नुसता आराम. कितीही उत्साह असो, हे दोन दिवस कोणी चुकवू नयेत. चार पायऱ्या चढल्या की छातीत भाता चालू होतो. मावशी म्हणाल्या, “काहून रे बाबू, इथली हवा कोणी विकून खाल्ली काय?” भरपूर पाणी, सूप, थुकपा आणि ऊब. लोणी-मिठाचा गुरगुर चहा पहिल्या घोटाला नकोसा वाटतो, तिसऱ्या दिवशी आपणच मागून घेतो. भेटेल तो माणूस ‘जुले’ म्हणतो. नमस्कारालाही जुले, आभारालाही जुले. आम्ही उलट ‘जयभीम’ म्हणायचो. आमच्या घरमालकीणबाईंना तो शब्द इतका आवडला की शेवटी सकाळी त्याच आधी म्हणू लागल्या.

तिसऱ्या दिवशी शांतिस्तूप पाहिला. पाचशेच्या आसपास पायऱ्या आहेत, पण वरपर्यंत गाडीही जाते, तेव्हा वयस्कांनी पायऱ्यांचा हट्ट धरू नये. ग्योम्यो नाकामुरा या जपानी भिक्खूंच्या पुढाकाराने तो उभा राहिला आणि १९९१ मध्ये पूर्ण झाला. निचिदात्सु फुजी गुरुजींच्या परंपरेतले हे काम. हे वाचताच आम्हा नागपूरकरांना आपलेच कोणी भेटल्यासारखे झाले. कारण आपले भदन्त सुरई ससाई हेही जपानहून येऊन आधी राजगीरला फुजी गुरुजींच्या सान्निध्यात राहिले आणि तेथूनच साठच्या दशकात नागपूरला आले. एकाच झाडाची एक फांदी इंदोऱ्यात आणि दुसरी इथे सिंधूच्या काठावर! वरून सारे लेह दिसते. समोर सेंगे नामग्यालने सतराव्या शतकात बांधलेला नऊ मजली मातकट राजवाडा, खाली पॉप्लरची हिरवी पट्टी आणि तिच्यापलीकडे गवताची काडी नसलेले डोंगर.

आता जे सांगायचे ते या सहलीतले सर्वांत महत्त्वाचे आहे. चौथ्या दिवशी खार्दुंग ला या खिंडीत गेलो. ही जगातली सर्वांत उंच मोटारवाट म्हणून वर्षानुवर्षे १८,३८० फुटांची पाटी मिरवली गेली. मोजणीत ती साडेसतरा हजारांच्या थोडी वर भरते. पण पाटी काहीही म्हणो, उंची ती उंचीच. वर पोहोचून दहा मिनिटे झाली नाहीत तोच आमच्यातला एक चोवीस वर्षांचा पोरगा, वायरमनचे काम करणारा, धडधाकट, डाव्या बरगडीखाली हात दाबून खाली बसला. डोके दुखणे, मळमळ तर इतरांनाही होती. पण याला सहन होईना. ड्रायव्हर शहाणा होता. त्याने एक शब्द न बोलता गाडी वळवली.

लेहच्या दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनी पोटाची सोनोग्राफी केली, पानथरीवर सूज होती. मग त्यांनी विचारले, “कुठले तुम्ही?” नागपूर म्हणताच त्यांनी सिकलसेलची चाचणी करायला सांगितली. पोरगा वाहक निघाला, म्हणजे ज्याला आपल्याकडे ‘एएस’ म्हणतात. आयुष्यात त्याला कधी काही झाले नव्हते. तपासणी कोणी केलीच नव्हती.

सिकलसेल विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत मोठ्या प्रमाणावर आहे, हे आपल्याला माहीत आहे आणि तरी आपण तो विषय लग्नाच्या बैठकीत दाबून टाकतो. वाहक माणूस एरवी ठणठणीत असतो. त्याला औषध लागत नाही, तो कष्टाची कामे करतो. पण फार उंचीवर, प्राणवायू कमी पडला की त्याच्याही लाल पेशी विळ्यासारख्या वाकू शकतात, पानथरीतला रक्तपुरवठा अडतो आणि जीवावर बेतू शकते. प्रत्येक वाहकाला होईलच असे नाही. ज्यांना प्रत्यक्ष आजार आहे, म्हणजे ‘एसएस’, त्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशा जागी पाऊलच टाकू नये. लेहला जायचे असो वा नसो, सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते, ती करून घ्या. केंद्राने १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलनाची मोहीमच सुरू केली आहे. आम्ही निघताना स्वेटर, टॉर्च, शेंगदाण्याची चटणी यांची यादी केली होती. त्या यादीत रक्ततपासणी नव्हती. वही आमच्या हातात होती, तेव्हा चूकही आमचीच.

प्राणवायू आणि सलाईन लावून रात्र काढली. डॉक्टर म्हणाले, खरा इलाज खाली उतरणे. सकाळच्या विमानाने त्याच्या मामांसोबत त्याला दिल्लीला पाठवायचे ठरले. तिकिटाला भिशीतली शिल्लक पुरली नाही. अंगणवाडीच्या बाईंनी खरेदीसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढून दिले आणि मग सर्वांनीच खिसे उलटे केले. लेहच्या विमानतळाला कुशोक बकुला रिंपोछे (१९१७–२००३) यांचे नाव आहे. भिक्खू असून त्यांनी काश्मीरच्या विधानसभेत आणि नंतर संसदेत लडाखच्या गरीब माणसाची बाजू मांडली. एरवी त्यांच्याबद्दल तेथे उभे राहून पुष्कळ बोललो असतो. त्या सकाळी कोणालाच शब्द सुचला नाही. दुपारी दिल्लीहून फोन आला, दुखणे उतरले. हा मजकूर त्याच्या संमतीने लिहिला आहे.

नंतर शे, ठिकसे, हेमिस पाहिले. ठिकसेचा मैत्रेय पंधरा मीटर उंच, दोन मजले व्यापून बसलेला, तुम्ही वरच्या मजल्यावर गेलात की त्याच्या चेहऱ्यासमोर येता. पण शेजारच्या अंधाऱ्या दालनात झाकलेल्या उग्र मूर्ती, दिवे, नैवेद्य पाहून आमच्यातला एक तरुण बिथरला. “हे तर देऊळच झालं. बावीस प्रतिज्ञांचं काय?” मावशींनी त्याला बाहेर ओट्यावर बसवले आणि म्हणाल्या, “तू आत हात नको जोडू. बाहेर पाय धुवायला पाणी दिलं त्या म्हातारीला जोड.” आम्हालाही त्याचे म्हणणे पटत होते आणि मावशींचेही.

परतीच्या आधी घरमालकीणबाई शेजारच्या घरी बाळाच्या जन्माच्या जेवणाला घेऊन गेल्या. माणसे भिंतीलगत मान-मरातबाच्या क्रमाने बसतात. आम्हा पाहुण्यांना बरेच वर बसवले. अगदी शेवटी, दाराजवळ, दमन आणि सुरना वाजवणारे दोघे. आपल्याकडचे नगारा-सनईच समजा. त्यांच्या वाजवण्याशिवाय तेथे शुभकार्य होत नाही. एका शिक्षकांना विचारले तेव्हा ते आधी घुटमळले, मग म्हणाले, वाजवणारे मोन आणि बेदा, लोहारकाम करणारे गारा, यांना खालचे मानतात, यांच्याशी सोयरीक करत नाहीत. १९८९ साली लडाखच्या आठ जमाती अनुसूचित जमातींच्या यादीत आल्या, तीत ही तिन्ही नावे आहेत. पण यादीत नाव आले म्हणून रांगेतली जागा बदलली नाही. मोनांची शिकलेली मुले आता दमन हातात घेत नाहीत, असेही ते म्हणाले. आपल्या आजोबांनी मेलेली ढोरे ओढणे कसे सोडले ते आम्हाला कोणी समजावून सांगायला नको होते.

त्या रात्री खोलीत चांगलाच वाद झाला. हे छापू नका, बौद्धांची बदनामी होईल, असे दोघांचे म्हणणे. उपाली न्हावी ज्या संघात थोर थेर झाला, त्या संघाला मानणाऱ्या घरात दाराजवळची जागा जन्मावरून ठरते, हे पाहूनही न लिहिणे आम्हाला जमले नाही. तेथील माणसांनी आम्हाला जीव लावला, हेही तितकेच खरे. त्या जेवणात उठताना मावशींनी सुरनावाल्याला विचारले, “बाबू, तू जेवलास का?” त्याला मराठी कळले नाही. त्याने हसून ‘जुले’ म्हटले.

पोरगा आता कामावर जातो. त्याच्या लग्नाची बोलणी सुरू होती, मुलीचीही तपासणी केली, ती वाहक नाही, तारीख निघाली आहे. नवीन भिशीही सुरू झाली. या वेळी हिशेबाच्या वहीत नावापुढे रक्ततपासणीचा रकाना आखला आहे. मावशींनी पहिले नाव लिहून दिले, खार्दुंग ला सोडून कुठेही चालेल या अटीवर.