दोन तासांनंतर बघा

रक्तातली साखर वाढवणारं औषध टोचून मेंदूच्या तळाची ग्रंथी तपासतात, हे पहिल्यांदा ऐकलं की उलटंच वाटतं. ग्लुकागॉन हे स्वादुपिंडाचं संप्रेरक. किंबॉल आणि मर्लिन यांनी 1923 साली त्याला हे नाव दिलं. मधुमेह्याची साखर धोकादायक उतरली आणि तोंडाने काही देता येईना, की हेच इंजेक्शन कामाला येतं. कामोठ्यातल्या एका छोट्या रुग्णालयात सकाळी आठला ते ज्यांना टोचलं गेलं, त्यांना मात्र मधुमेह नव्हता. त्यांना वर्षापूर्वी घोणस चावली होती.

कर्जतकडचा पन्नाशीतला भातशेतकरी. कापणीच्या दिवसांत पायाला दंश झाला. प्रतिविष मिळालं, मूत्रपिंडं बसली, डायलिसिस झालं, माणूस घरी आला. गावाच्या हिशेबी गोष्ट तिथे संपली. पुढे भूक गेली, दाढी विरळ झाली, उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. अशक्तपणा म्हणून टॉनिकच्या बाटल्या झाल्या. जुन्या दंशाबद्दल कुणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

घोणसीचं विष रक्त गोठण्याची यंत्रणाच मोडतं. काही रुग्णांत त्या धुमश्चक्रीत मेंदूच्या तळाच्या या पिट्युटरी ग्रंथीत रक्तस्राव होतो किंवा तिचा रक्तपुरवठा तुटतो. भारत, श्रीलंका, म्यानमार इथे अशा नोंदी आहेत. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांमुळे रायगडचे विंचू-साप ‘लॅन्सेट’पर्यंत पोचले, पण दंशानंतर महिन्यांनी, कधी वर्षांनी उगवणारं हे दुखणं अजून बऱ्याच दवाखान्यांच्या ध्यानीमनी नसतं.

पिट्युटरी थकली की तिचं एसीटीएच हे संप्रेरक कमी पडतं, आणि त्या हुकुमाशिवाय मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी पुरेसं कॉर्टिसॉल बनवत नाहीत. सकाळचं कॉर्टिसॉल अगदी तळाला असेल, तर पुढच्या तपासणीची गरजच नसते. या शेतकरी काकांचं मधेच लटकलेलं होतं. अशा वेळी ग्रंथीला डिवचून बघावं लागतं. इन्सुलिन देऊन साखर मुद्दाम पाडणं ही त्यासाठीची मानाची तपासणी, पण ती जोखमीची. फिट येणाऱ्याला किंवा हृदयरोग्याला ती करतच नाहीत. मग ग्लुकागॉन.

उपाशीपोटी हाताला इंट्राकॅथ लावलं, पहिलं रक्त घेतलं. पांढरी भुकटी पाण्यात विरघळवून एक मिलिग्रॅम स्नायूत. शिरेत नाही, कारण शिरेतून दिलं तर पिट्युटरी फारशी दाद देत नाही. तेच औषध, तोच माणूस. फक्त वाट बदलली तर उत्तर बदलतं. हे का, आणि मुळात ग्लुकागॉन पिट्युटरीला जागं कसं करतं, याचा निकाल विज्ञानाने अजून लावलेला नाही. दरम्यान तपासणी जगभर चालू आहे.

‘‘काका, आत्ता काही होणार नाही. दोन तासांनंतर बघा,’’ सिस्टर म्हणाल्या.

दर अर्ध्या तासाला नळ्या भरत गेल्या. जांभळ्या टोपीची एसीटीएचची नळी तडक बर्फात, कारण हे संप्रेरक उबेत टिकत नाही. ग्लुकोमीटरवर साखर आधी चढली, मग घसरू लागली. दीड तासाने काकांना मळमळायला लागलं. सिस्टरनी न बोलता ट्रे पुढे केला आणि त्यांचा तळहात हातात घेतला. घाम येतोय का, ते बघत होत्या. यंत्र दर अर्ध्या तासाला आकडा दाखवतं, सिस्टर अधूनमधून येऊन तळहात चाचपतात. या खोलीतली खरी तपासणी तीच, असं वाटू लागतं.

‘‘आता तर बरं वाटतंय. जाऊ का?’’

‘‘आत्ताच तर दोन तास झालेत. आता बसायचं.’’

वाढीचं संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हॉर्मोन, आणि कॉर्टिसॉल या दोन-तीन तासांच्या टप्प्यातच शिखर गाठतात, आणि साखर जास्त उतरण्याची भीतीही याच सुमाराला. घाईत आवरती घेतलेली तपासणी म्हणून फुकट. पूर्ण केली तरी ती निर्विवाद नसते. ग्रोथ हॉर्मोनचं उत्तर बऱ्यापैकी भरवशाचं. प्रौढांत 3 नॅनोग्रॅम ही रूढ रेषा, स्थूल माणसाला ती 1 वर आणतात. कॉर्टिसॉलचं तसं नाही. 18 मायक्रोग्रॅमची जुनी रेषा नव्या मोजणीपद्धतींत खाली सरकली आहे, आणि काही धडधाकट माणसंही ग्लुकागॉनने तिथवर पोचत नाहीत. अहवालावरचा ठळक आकडा म्हणूनच रुग्णाकडे बघत वाचावा लागतो.

तरी ही यातायात वाया जात नाही. पिट्युटरी बसली की थायरॉइडही मंदावतं, आणि कॉर्टिसॉलची उणीव न ओळखता आधी थायरॉइडची गोळी सुरू केली तर रुग्णाचा रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन; हा क्रम ठरवण्यासाठी ही चार तासांची बैठक. गोळ्या स्वतः महाग नाहीत.

घोणस चावून, डायलिसिस होऊन वाचलेलं कुणी तुमच्या घरात असेल, आणि महिन्या-वर्षाने ते सारखं थकत असेल, तर डॉक्टरांपुढे बसल्यावर साप चावल्याचं पहिल्यांदा सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा.