व्हॉल्व्हच्या रेडिओला घाई मानवत नाही

माळ्यावरून उतरवलेला संच थेट विजेला जोडणे धोक्याचे. दुरुस्तीचा क्रम पाळल्यास मात्र पन्नास-साठ वर्षांपूर्वीचा रेडिओही पुन्हा बोलू शकतो

१९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ प्रसारित होऊ लागले, तेव्हा महाराष्ट्राने ते ऐकले व्हॉल्व्हच्या रेडिओवर. रेडिओ सिलोनवर १९५२ मध्ये सुरू झालेली ‘बिनाका गीतमाला’ही सुरुवातीची काही वर्षे अशाच संचांवरून घरोघरी पोहोचली. पुढे ट्रान्झिस्टर आले, दिवाणखान्यातील लाकडी पेटी माळ्यावर गेली आणि तेथेच राहिली. आता वाडे पाडले जात असताना, जुन्या इमारतींचा पुनर्विकास होत असताना हे संच पुन्हा उजेडात येत आहेत. काही भंगारात जातात, काही जुन्या बाजारात. उरलेल्यांच्या बाबतीत घरच्यांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : ‘लावून तर पाहू!’ वर्षानुवर्षे बंद असलेला रेडिओ नेमका याच क्षणी कायमचा निकामी होऊ शकतो.

आत काय चालते?

व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून घेतलेली काचेची नळी. तिच्यातील तंतू तापला की कॅथोडमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात आणि धन दाब असलेल्या पट्टीकडे धावतात. वाटेतील जाळीवर, म्हणजे ग्रिडवर, दिलेला क्षीण संदेश या प्रवाहाचे नियंत्रण करतो आणि त्याची मोठी प्रतिकृती पलीकडे मिळते. तंतू तापेपर्यंत काही सेकंद जातात, म्हणूनच हा रेडिओ लावल्याबरोबर बोलत नाही.

बहुतेक घरगुती संचांत पाच ते सहा व्हॉल्व्ह असतात. पहिला केंद्राची लहर एका ठरावीक, साधारण ४५५ किलोहर्ट्झच्या लहरीत बदलतो, दुसरा तिचे वर्धन करतो, तिसरा तिच्यातील आवाज वेगळा काढतो, चौथा स्पीकरला शक्ती देतो आणि पाचवा विजेचे एकदिशीकरण करतो. सहावा असल्यास तो बहुधा ‘मॅजिक आय’, म्हणजे केंद्र नीट लागले की मिटत जाणारा हिरवा डोळा. व्हॉल्व्हवरील अक्षरांतही माहिती असते. ‘ईसीएच ८१’ किंवा ‘ईएल ८४’ यांतील पहिला ‘ई’ म्हणजे ६.३ व्होल्टचा तंतू. ‘यू’ने सुरू होणारे व्हॉल्व्ह एकापुढे एक माळेसारखे जोडलेले असतात, त्यांतील एकाचा तंतू तुटला की सगळेच विझतात. वीज न पोहोचलेल्या गावांतील बॅटरीच्या संचांत ‘डी’ने सुरू होणारे, १.४ व्होल्टचे व्हॉल्व्ह असत.

खरा दोषी कपॅसिटर

रेडिओ बंद पडला म्हणजे व्हॉल्व्ह गेला, अशी सर्वसाधारण समजूत असते. प्रत्यक्षात व्हॉल्व्ह बरेच चिवट असतात. काळाचा घाला पडतो तो कपॅसिटरवर. त्या काळी कागद आणि धातूचा वर्ख गुंडाळून मेणात बुडवलेले कपॅसिटर वापरत. अनेक पावसाळ्यांची ओल शोषून कागद विजेची गळती करू लागतो. यांतील सर्वांत महत्त्वाचा कपॅसिटर शेवटच्या, स्पीकर चालवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला असतो. तो गळू लागला की ग्रिडवर धन दाब येतो, व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढतो आणि त्याच्यासोबत आउटपुट ट्रान्सफॉर्मरही जळू शकतो. काही रुपयांच्या भागापायी सहजासहजी न मिळणारा भाग गमावण्याची ही वेळ असते.

दुसरा दोष इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा. तो सुकला की स्पीकरमधून सतत घुंघुं आवाज येतो. दीर्घकाळ पडून राहिल्यास त्याच्यातील ऑक्साइडचा थर विरतो आणि एकदम पूर्ण दाब मिळाला तर तो तापून फुटूही शकतो. याशिवाय कार्बनच्या रेझिस्टरचे मूल्य वाढलेले असते, तारांवरचे रबर हात लावताच झडते आणि पट्टे बदलण्याच्या स्विचवर गंज चढलेला असतो.

वीज जोडण्यापूर्वी

अनुभवी कारागीर आधी पेटी उघडून धूळ काढतो, उंदरांनी कुरतडलेल्या तारा पाहतो, प्रत्येक व्हॉल्व्हची जागा लिहून ठेवतो. मग शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडचा कपॅसिटर आणि इतर कागदी कपॅसिटर बदलले जातात. त्यांच्या जागी ६३० व्होल्ट क्षमतेचे पॉलिस्टरचे कपॅसिटर चालतात. जुन्या संचाच्या मागे ११०, १२७, २२०, २४५ व्होल्ट असे पर्याय असल्यास सध्याच्या २३० व्होल्टच्या पुरवठ्यासाठी वरचा पर्याय निवडणे सुरक्षित ठरते.

यानंतरही संच थेट जोडला जात नाही. मध्ये ६० किंवा १०० वॉटचा तंतूचा साधा दिवा सिरीजमध्ये लावतात. एलईडी दिवा या कामाचा नाही. दिवा क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. तो पूर्ण तेजाने पेटत राहिला तर आत शॉर्टसर्किट आहे, तत्काळ वीज तोडावी. आवाज येत नसेल आणि संचाला ग्रामोफोनची जोडणी असेल, तर तेथून गाणे देऊन पाहतात. ते वाजले, तर स्पीकरकडचा अर्धा भाग ठीक आहे आणि दोष केंद्र पकडणाऱ्या भागात आहे, हे कळते. आतील छोट्या धातूच्या डब्यांवरचे स्क्रू मात्र उगाच फिरवू नयेत. ती कारखान्यातील जुळणी असते; ती बिघडली तर उपकरणाशिवाय पुन्हा बसत नाही.

धक्क्याचा धोका

या संचांत दोनशे ते अडीचशे व्होल्टचा एकदिश दाब असतो आणि प्लग काढल्यानंतरही तो कपॅसिटरमध्ये काही काळ राहू शकतो. त्यामुळे रेझिस्टरमधून तो उतरवल्याशिवाय आत हात घालू नये. एसी-डीसी प्रकारचे संच अधिक धोक्याचे. त्यांत मुख्य ट्रान्सफॉर्मर नसतो, विजेची एक तार थेट धातूच्या सांगाड्याला जोडलेली असते. दोन पिनांचा प्लग उलटा बसला तर सांगाडाच जिवंत होतो. बटण निखळून नुसता दांडा उरलेला संच म्हणूनच घरात ठेवू नये. असे संच आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच तपासावेत आणि हे काम जाणकाराकडेच सोपवावे.

भाग, पेटी आणि काच

आपल्याकडे भारत इलेक्ट्रॉनिक्सने बंगळूरमध्ये व्हॉल्व्ह बनवले होते. जुन्या साठ्यांतील असे व्हॉल्व्ह अजूनही हाती लागतात. ध्वनिवर्धकांच्या शौकिनांमुळे ‘ईएल ८४’सारखे व्हॉल्व्ह परदेशात आजही तयार होतात. कपॅसिटर, रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत मिळतात. जुने भाग मात्र चोरबाजार किंवा जुना बाजार येथे, मोडक्या संचांतूनच शोधावे लागतात.

लाकडी पेटीवरचे मूळ पॉलिश बहुधा स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचे असते. खरवडून नवा चकचकीत थर देण्यापेक्षा हलक्या हाताने पुसून त्याच लाखेचा पातळ हात देणे योग्य. डायलच्या काचेची आतली बाजू ओल्या फडक्याने पुसू नये. केंद्रांची नावे तेथेच छापलेली असतात आणि एका पुसण्यात निघून जातात.

ऐकायचे काय?

दुरुस्तीनंतरचा प्रश्न अधिक कठीण आहे. भारतातील बहुसंख्य व्हॉल्व्ह संच मध्यम आणि लघुलहरींचे. एफएम त्यांवर लागत नाही. गेल्या काही वर्षांत आकाशवाणीने अनेक ठिकाणची लघु आणि मध्यम लहरींची प्रक्षेपणे थांबवली आहेत. उरलेल्या केंद्रांवर घरातील चार्जर, एलईडी दिवे यांची खरखर मात करते. खिडकीबाहेर लांब तार ताणली तर रात्रीच्या वेळी थोडा फरक पडतो. अनेकजण ग्रामोफोनच्या जोडणीतून मोबाइलवरील गाणी ऐकतात. ट्रान्सफॉर्मरच्या संचांत हे करता येते आणि मूळ रचनेला धक्का लागत नाही.

याउलट आतील सारे काढून टाकून रिकाम्या पेटीत ब्लूटूथ स्पीकर बसवण्याची टूमही निघाली आहे. बाहेरून दोन्ही संच सारखेच दिसतात. पण एकात व्हॉल्व्ह अजून तापतात आणि बिघाड झाला तर तो शोधून काढता येतो. दुसऱ्यात उरते ती फक्त पेटी. हे काम जाणणारे कारागीर थोडे आणि वयस्क आहेत. माळ्यावरचा रेडिओ दुरुस्त करायचा असेल, तर विजेच्या बाबतीत घाई नको. कारागीर शोधण्याच्या बाबतीत मात्र उशीर नको.