किल्ली कोणाच्या हाती?

मीरा रोडच्या पूर्वेला हाटकेश म्हणून भाग आहे. एकीकडे उंच गृहसंकुले आणि दुसरीकडे उद्योगनगरातल्या गाळ्यांच्या रांगा, असे तिथले शेजारपण. या गाळ्यांतून राबणाऱ्या माणसांच्या हातात जो मोबाइल दिसतो तो पुष्कळदा दुसऱ्या नाहीतर तिसऱ्या मालकाकडे आलेला असतो. काच तडकलेली, पाठीला रबराचे वेष्टन, पण चालू. तो ज्या दिवशी अडतो त्या दिवशी नुसते बोलणे थांबत नाही. पगार जमा झाल्याचा मेसेज, मुलीच्या शाळेची सूचना, गॅसचा नंबर, गावी धाडायचे पैसे, सारेच खोळंबते.

गंमत अशी की यातले कितीतरी फोन यंत्र म्हणून धडधाकट असतात. बॅटरी बदलली तर आणखी तीन वर्षे सहज काढतील. पण कंपनीने त्यांच्यासाठी नवी प्रणाली पाठवणे बंद केलेले असते, आणि एके दिवशी एखादे ॲप कळवते की तुमचे अँड्रॉइड जुने झाले, आता माझे इथे जमायचे नाही. मग दोन वाटा उरतात. नवा फोन घ्यावा, किंवा कोणा जाणत्या मुलाला गाठून जुन्याच फोनमध्ये स्वयंसेवकांनी तयार केलेली नवी प्रणाली बसवून घ्यावी. सायनोजेनची कंपनी २०१६ च्या अखेरीस बंद झाली तेव्हा त्या कामातून पुढे आलेली लिनिएजओएस ही अशांपैकी सर्वांत नावाजलेली. ही दुसरी वाट मी अलीकडे जवळून पाहिली. बरीच वर्षे बँकेत अधिकारी म्हणून काढलेली असल्याने तिच्या शेवटी जो अडसर आहे त्याबद्दल बोलल्यावाचून मला राहवत नाही.

आधी थोडी ओळख करून देतो. अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स आहे. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सने विद्यार्थिदशेत, १९९१ साली लिहायला घेतलेल्या या गाभ्याला कर्नल म्हणतात. (लष्करातल्या कर्नलशी त्याचे नाते नाही, हुकमत गाजवण्याची हौस तेवढी सारखी.) प्रोसेसर कोणी केव्हा वापरायचा, स्मृतीतली जागा कोणाला किती द्यायची, हे तो ठरवतो. कॅमेरा, वाय-फाय, स्पर्शाचा पडदा, आवाज या प्रत्येकाची बोली मात्र वेगळी. ती जाणणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. काही दुभाषे कर्नलच्या घरातच राहतात; काही बाहेर राहतात आणि गरज पडली की आत बोलावले जातात. या बाहेरच्यांना मॉड्यूल म्हणतात. आणि फोन ‘रूट’ करणे म्हणजे त्या घराचे कुलमुखत्यारपत्र आपल्या नावे करून घेणे. फोनचे पूर्ण पैसे मोजले तरी कंपनी ते आपल्याला देत नाही. बूटलोडरचे कुलूप काढून ते मिळवावे लागते, आणि कुलूप निघताना आतला सारा मजकूर पुसला जातो. ही योजना शहाणपणाची आहे, कारण कुलूप काढणारा चोरही असू शकतो.

आमच्या ओळखीच्या एक बाई हाटकेशच्या एका गाळ्यात पॅकिंगचे काम करतात. त्यांच्या बँकेच्या ॲपने जुने अँड्रॉइड चालणार नाही असे सांगितले, तेव्हा आमच्या इमारतीतल्या डिप्लोमा करणाऱ्या मुलाने त्यांचा फोन हाती घेतला. नवी प्रणाली बसली, पडदा उजळला, आवाज आला. वाय-फाय मात्र लागेना. बटण सरकवावे आणि त्याने दोन सेकंदांत आपले आपण माघारी यावे. यंत्राचा पत्ता दाखवायच्या जागी ०२ आणि त्यापुढे नुसती शून्ये.

‘‘चिप गेली काय रे?’’ मी विचारले.

‘‘नाही काका, चिप बरी आहे. तिच्या माणसाला आत घेत नाहीयेत,’’ तो म्हणाला.

त्याने फोन केबलने संगणकाला जोडला आणि कर्नलची रोजकीर्द उघडली. ‘डीमेसेज’ ही आज्ञा दिली की सुरू झाल्यापासून कर्नलने काय काय केले, कोणाला घेतले, कोणाला परतवले, हे सेकंदांच्या हिशेबासह ओळीने समोर येते. कीर्द पाहायची सवय असलेल्या माणसाला ती वाचताना फारसे परके वाटत नाही. शेकडो ओळींत वाय-फायची म्हणून एकच कामाची ओळ होती. तिचा मथितार्थ असा, की अमुक एका खुणेच्या आवृत्तीबद्दल या मॉड्यूलचे आणि कर्नलचे जुळत नाही.

ही खूण काय असते ते समजले तेव्हा मी खुर्चीत सावरून बसलो. पूर्वी बँकांमध्ये तारेने पैसे पाठवत. तार खरी की बनावट हे ओळखण्यासाठी पाठवणारी शाखा गुप्त पुस्तिकेतले आकडे घेऊन तारीख, रक्कम, शाखा यांवरून एक संख्या काढी आणि तारेत घाली. घेणारी शाखा तीच बेरीज पुन्हा करून पाही. संख्या जुळली नाही तर रक्कम बरोबर असो, नाव बरोबर असो, पैसे द्यायचे नाहीत. कर्नल हेच करतो, फक्त त्यात गुप्त असे काही नसते. त्याची जी जी फंक्शने मॉड्यूल वापरणार, त्या प्रत्येकाच्या घडणीवरून एक आकडा काढलेला असतो. मॉड्यूल तयार झाले तेव्हाचा आकडा त्याच्यासोबत बांधलेला असतो. बाईंच्या फोनमध्ये वाय-फायचे मॉड्यूल कंपनीच्या ४.९.११२ या कर्नलसाठी घडलेले, आणि नव्या प्रणालीने आणलेला कर्नल ४.९.३३७. मधल्या सव्वादोनशे दुरुस्त्यांत कुठेतरी एखादी रचना बदलली, आकडा हलला, आणि दार बंद झाले.

दार ढकलून आत घुसवण्याचीही सोय असते, ती कर्नलमध्ये ठेवलेली असेल तर. पण तसे केले की कर्नल स्वतःवर डाग पाडून घेतो. हा माझा अलंकार नव्हे. त्या जगात ‘कलंकित’ अशाच अर्थाचा शब्द आहे आणि जबरदस्तीने घेतलेल्या मॉड्यूलसाठी एक स्वतंत्र अक्षर त्या नोंदीत उमटते. ज्याचा मूळ पाठ उघड नाही अशा मॉड्यूलसाठी दुसरे अक्षर. डाग पडलेल्या कर्नलची तक्रार घेऊन गेलात तर त्याचे कर्ते बहुधा ती हाती घेत नाहीत. मुलाने तो मार्ग धरला नाही. शहाणा मुलगा.

त्या चिपच्या ड्रायव्हरचा मूळ पाठ चिप बनवणाऱ्याने खुला ठेवला होता, हे नशीब. तो घेऊन मुलाने कर्नल आणि मॉड्यूल एकाच बैठकीत, एकाच मांडणीतून नव्याने घडवले. आकडे जुळले. तरी वाय-फाय लागेना. आता रोजकीर्दीत नवी ओळ: स्वाक्षरीची किल्ली उपलब्ध नाही. म्हणजे या कर्नलला सही केलेलेच मॉड्यूल हवे होते. सही झाली. मग तिसरी ओळ, उणे दोन. लिनक्सच्या भाषेत उणे दोन म्हणजे ‘तशी फाइलच नाही’. चिपला सुरू होताना जो फर्मवेअर नावाचा शिधा लागतो तो नव्या प्रणालीत भलत्याच फडताळात ठेवला होता. तो योग्य जागी हलवला, तर परवानगी नाकारली! कुलमुखत्यार असून परवानगी नाही, याचे मला हसू आले. पण अँड्रॉइडमध्ये एसईलिनक्स नावाचा दुसरा पहारेकरी असतो. तो माणूस कोण हे पाहून थांबत नाही, फाइलीवर चिठ्ठी कोणती चिकटवली आहे तेही पाहतो. चिठ्ठी बदलली आणि चौथ्या रात्री साडेअकराला वाय-फाय लागले.

चार रात्री हा मुलगा अंदाजाने काही उपटत-खुपसत नव्हता, हे मला महत्त्वाचे वाटते. एका वेळी एकच बदल, प्रत्येक बदलापूर्वी जुन्याची प्रत, आणि दरवेळी रोजकीर्द. आमच्या काळी ताळेबंदातला फरक शोधणारे चांगले कारकून असेच शोधत.

परंतु हा पाठ खुला नसता तर? लिनक्स ज्या परवान्याखाली वाटला जातो त्यात स्पष्ट अट आहे, की कर्नल बदलून विकणाऱ्याने बदललेला पाठ मागणाऱ्याला द्यायला हवा. ही अट नुसती कागदावरची नाही. जर्मनीच्या हॅराल्ड वेल्टे यांनी सिटेकॉम या कंपनीविरुद्ध २००४ साली म्युनिचच्या न्यायालयात तिच्या बळावर मनाई हुकूम मिळवला होता. तरीही पाठ उशिरा देणे, अर्धवट देणे, विकलेल्या फोनशी न जुळणारा देणे, हे प्रकार चालत आले आहेत. गूगलने २०१७ साली आठव्या अँड्रॉइडबरोबर प्रणाली आणि कंपनीचे ड्रायव्हर यांच्यात भिंत घातली, आणि बाराव्या अँड्रॉइडपासून नव्या कर्नलच्या फोनांसाठी सर्वांना मिळून एकच गाभा आणि त्याभोवती कंपन्यांची मॉड्यूले अशी रीत लावली. भले झाले. मात्र जे फोन त्याआधी विकले गेले, म्हणजे नेमके गाळ्यांतल्या हातांत असलेले, त्यांना तिचा उपयोग नाही.

हा तिढा आपल्याला आधीच माहीत व्हायला हवा होता, कारण तो हाटकेशपासून फार लांब नसलेल्या पवईत एकदा सोडवायला घेतला गेला आहे. ‘आकाश’ टॅब्लेट आठवतो? पहिला ऑक्टोबर २०११ मध्ये आला आणि त्याच्या मंद गतीची बरीच टिंगल झाली. दुसरा ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते आला. डेटाविंडकडून सरकारला २,२६३ रुपयांना मिळालेल्या या दुसऱ्या आकाशमागे आयआयटी मुंबई होती, प्रा. दीपक फाटक होते. तिथल्या मंडळींनी त्या अँड्रॉइड टॅब्लेटवर सी, पायथन, सायलॅब अशी अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची साधने चालवली आणि मेमरी कार्डावरून संपूर्ण लिनक्सही उभे केले. त्यातली ऑलविनरची ए-१३ चिप सुरू होताना आधी कार्ड पाहते आणि मग आतली साठवण, म्हणून ते मूळ प्रणालीला धक्का न लावता करता आले. ही चिप असलेले स्वस्त टॅब्लेट बाहेरून जुळ्या भावंडांसारखे आणि आत स्पर्शाच्या पडद्याची चिप निरनिराळी. एकाचे फर्मवेअर दुसऱ्याला दिले तर बोट डावीकडे टेकवावे आणि खूण उजवीकडे उमटावी! जगभरच्या स्वयंसेवकांनी अशा एकेका टॅब्लेटची मापे नोंदवून ठेवली. आकाशवर आपल्याकडे चर्चा झाली ती किमतीची आणि राजकारणाची. ही खटपट कोणाच्या फारशी ध्यानात राहिली नाही.

आता त्या अडसराकडे येतो. वाय-फाय लागले, बाईंनी उत्साहाने बँकेचे ॲप उतरवून घेतले, आणि ॲपने सांगितले: हा फोन रूट केलेला आहे, सुरक्षेच्या कारणास्तव सेवा देता येत नाही. ज्या कामासाठी हा खटाटोप झाला तेच काम अडले. मूळ प्रणाली परत घातली तर ती जुनी म्हणून नको, नवी घातली तर ती परकी म्हणून नको. बाईंनी शेवटी ओळखीतून एक वापरलेला फोन घेतला. त्याची शेवटची सुरक्षा-दुरुस्ती २०२१ सालची आहे. बँकेचे ॲप त्यावर बिनतक्रार चालते.

बँकेची बाजू मला कळते. कुलमुखत्यारपत्र फोनच्या मालकाऐवजी एखाद्या लबाड ॲपच्या हाती गेले तर ते दुसऱ्या ॲपच्या पोटातले सारे वाचू शकते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकाने, तिसऱ्याच कोणाच्या घुसखोरीतून पैसे गेले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवले, तर त्याच्यावर तोशीस पडू दिली नाही. म्हणजे तोशीस बँकेवर. फेब्रुवारी २०२१ च्या तिच्या निर्देशांनीही किमान अटी पुऱ्या करणाऱ्या फोनवरच ॲप चालू द्यावे अशा पडताळणीची अपेक्षा धरली. त्या खुर्चीत मी असतो तरी रूट केलेल्या फोनवर डोळे झाकून सही केली नसती.

पण पडताळणी कशाची करायची, हा प्रश्न राहतोच. कंपनीचे कुलूप शाबूत आहे एवढे पाहून भागत नाही. ऑलविनरच्याच एका कर्नलमध्ये २०१६ साली असे उघडकीला आले, की एका ठरावीक फाइलीत ‘रूट माय डिव्हाइस’ हे शब्द जोडून लिहिले की कोणतेही ॲप रूट होऊ शकते. तपासणीसाठी ठेवलेली मागची खिडकी कंपनीनेच उघडी टाकली होती. कुलूप शाबूत, किल्ली दाराला लटकलेली! गूगलने २०२५ मध्ये आपल्या पडताळणीच्या सर्वांत कडक श्रेणीसाठी तेराव्या अँड्रॉइडपासून पुढे गेल्या वर्षभरातल्या दुरुस्तीची अट घातली, ती योग्य दिशेने आहे. पण बाईंचा तो वापरलेला फोन तिच्या आवाक्यात येत नाही, आणि बँकेने ती श्रेणी मागितली तरच अट लागू.

तोडगा नाही असे नाही. अँड्रॉइडच्या सुरू होण्याच्या तपासणीत रंग आहेत. कंपनीच्या किल्लीने बंद ते हिरवे, कुलूप उघडे ते नारिंगी, आणि यांच्यामध्ये पिवळे: मालकाने स्वतःची किल्ली बसवून पुन्हा बंद केलेले. गूगलच्या पिक्सेल फोनांत ही सोय आहे. पिवळ्या फोनमध्ये नंतर कोणी ढवळाढवळ केली तर तो सुरूच होत नाही, आणि कोणती किल्ली बसवली आहे हे फोनमधली सुरक्षित चिप बँकेला सहीनिशी सांगू शकते. बँकेला नमुना सही जपून ठेवायची आणि ताडून पाहायची सवय काही आजची नाही. मग बहुतेक कंपन्या ही सोय का देत नाहीत आणि बँका ती का मागत नाहीत? दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये पोर्टल सुरू केले. त्या हक्कात पडदा आणि बॅटरी यांच्या जोडीला किल्लीही यायला हवी.

पूर्ण विश्वास नको असेल तर मर्यादित ठेवा. नव्याने यूपीआय घेणाऱ्याला पहिले चोवीस तास पाच हजारांची मर्यादा असतेच. मार्च २०२२ पासून साध्या बटणांच्या फोनवरूनही यूपीआयने पैसे देता येतात. त्या फोनच्या पोटात काय आहे हे बँक विचारत नाही. रक्कम लहान ठेवते आणि काम चालवते. पॅकिंग करणाऱ्या बाईंची महिन्याची उलाढाल तेवढ्यात बसते. त्यांचा तो दुरुस्त केलेला फोन आता मुलीच्या अभ्यासाला आहे. त्यात दर महिन्याच्या दुरुस्त्या वेळेवर येतात आणि मुलगा न सांगता त्या घालून देतो.